भटूआप्पा ‘वाळनी’ म्हणतील तेव्हा

बायकोची अट मी हसत हसत मान्य केली, हा माझा मूर्खपणा. अट साधी होती. जुनी गाडी घ्यायची असेल तर भटूआप्पा जिला ‘वाळनी’ म्हणतील तीच घ्यायची.

ज्यांनी भटूआप्पा पाहिलेले नाहीत त्यांना यात काही वावगं दिसणार नाही. मलाही दिसलं नाही, आणि मी तर त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहतो.

आप्पांची उभी हयात नंदुरबारच्या मिरचीत गेली. गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडलेली असायची आणि आप्पा तिच्यातून वाट काढत चालायचे. मध्येच वाकायचे, एक मिरची उचलायचे, कानाशी नेऊन हलवायचे. आत बिया खुळखुळल्या तर ‘वाळनी’. नाही खुळखुळल्या तर ‘वल्ली शे’, म्हणजे ओली आहे, आणि अख्खा माल परत. आता धंदा पुतण्यांकडे गेला, पण हलवून ऐकायची खोड आप्पांकडेच राहिली. टरबूज हलवतात, काडेपेटी हलवतात, दूध घ्यायच्या आधी दूधवाल्याची किटली हलवतात. माझ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका हातात दिली, तर ती वाचायच्या आधी कानाशी गेली.

निकाल मात्र वर्षानुवर्षं एकच. पुतण्यानं आणलेला मिक्सर वल्ला. हवामानाचा अंदाज वल्ला. नवा तलाठी वल्ला. मागे एकदा डॉक्टरांनी ‘आप्पा, बीपी अगदी नॉर्मल आहे’ म्हणून सांगितलं, तर आप्पा पट्टा सोडवता सोडवता म्हणाले, “तुन्हं मशीन वल्लं शे, डॉक्टर.” ‘वाळनी’ हा शब्द त्यांनी मिरचीखेरीज कशालाही लावल्याचं आमच्या गल्लीत कुणी ऐकलेलं नाही. सुनंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, हे पक्कं ठाऊक होतं. अट घालताना ती पोळी लाटत होती आणि तिनं मान वर करून पाहिलंसुद्धा नाही, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

तरी लोक जुनं वाहन घ्यायला निघाले की आप्पांना नेतात. ट्रॅक्टर असो, जीप असो, बुलेट असो. आप्पा शेजारी उभे राहिले की विकणाऱ्याचा आवाज आपोआप खाली येतो. त्यांच्या परीक्षाही ठरलेल्या. चालू इंजिनावर एक नाणं उभं करायचं आणि ते पडायची वाट बघायची. सायलेन्सरपुढे पांढरा रुमाल धरायचा, मग तो हुंगायचा. शेवटी डोळे मिटून बॉनेटला कान लावायचा. मला म्हणायचे, “गाडी बोलस, मास्तर. आपलाले ऐकता येवाले जोयजे.” ऐकून झालं की रुमाल झटकायचे आणि ‘वल्ली शे’ म्हणून चपला घालायचे. लोक भाव पाडून घ्यायचे आणि ती वल्ली गाडी खुशाल घेऊन जायचे. अट कबूल करून बसलेला मी एकटाच.

आता मला हवी असलेली गाडी. मी कनिष्ठ महाविद्यालयात वाणिज्य शिकवतो. निवृत्ती दारात उभी आहे, पोट तिच्याही पुढे. अशा माणसानं खरं तर हॅचबॅक घ्यावी, आणि मागच्या काचेवर ‘आईचा आशीर्वाद’ लिहून घ्यावं. पण खांडबाऱ्याच्या रमणकाकांच्या बंद पडलेल्या भाताच्या गिरणीत मी एक लाल, दोन दारांची, जमिनीला टेकलेली जपानी स्पोर्ट्स कार पाहिली आणि माझा तोल गेला. काकांचा मुलगा न्यूझीलंडहून कायमचा परत आला तेव्हा ती बोटीनं घेऊन आला होता. पुढे तो कायमचा परत गेला, गाडी राहिली. जाण्याआधी त्यानं पुण्याला इंजिन उघडून नव्यानं बांधून घेतलं होतं. काका दर आठवड्याला तिला सुरू करायचे, गिरणीच्या आवारात एक गोल फिरवायचे आणि कोंड्याच्या धुळीत परत लावायचे.

या गाडीचं इंजिन रोटरी. मी महिनाभर मोबाइलवर व्हिडिओ बघून त्यात पंडित झालो. पहिल्या रविवारी खांडबाऱ्याला जाताना पॅसेंजरमध्ये आप्पांना समजावलं.

“आप्पा, या इंजिनात पिस्टन नसतो.”

“पिष्टन नही?” आप्पांनी कळण्याच्या भाकरीचा घास खाली ठेवला. “मंग मझार काय देव बठेल शे?”

“आत फुगलेल्या समोशासारखा लोखंडी रोटर असतो. तो गरगर फिरतो. समोशाच्या तिन्ही टोकांना पातळ पट्ट्या असतात, त्यांना सील म्हणतात. इंजिनाचा दम सगळा त्या सीलमध्ये. नव्यानं बांधलेलं म्हणतात, पण नीट बांधलंय का ते बघायचं म्हणजे हे सील बघायचे. उघडता येत नाही, म्हणून ऐकून ओळखायचे.”

‘ऐकून’ म्हटल्यावर आप्पांनी घास परत उचलला.

मी आणखीही शिकवलं. पोचल्या पोचल्या बॉनेटवर हात ठेवायचा. गरम लागलं तर विकणाऱ्यानं आधीच गाडी चालवून ठेवलीय, म्हणजे थंड असली की ती सुरू होताना रडते. मग ती तापवायची, बंद करायची आणि लगेच परत सुरू करायची. सील झिजले असतील तर तापलेली रोटरी परत उठत नाही. धुराला गोडसर वास आला तर पाणी आत जातंय. तेल मात्र ती पिणारच, तो तिचा स्वभाव आहे. आणि सगळ्यात मोठं पाप म्हणजे थंड रोटरी सुरू करून दोन हात पुढे नेऊन बंद करणं. न जळलेलं पेट्रोल आत साठतं, सील भिजतात, मग कितीही किल्ली फिरवा. हे वाक्य मी बोट नाचवून दोनदा म्हटलं. समोरच्या बाकावरची भाजीवाली बाईसुद्धा ऐकत होती. आम्ही खांडबाऱ्याला उतरलो, ती तोच आदर मनात घेऊन नवापूरपर्यंत गेली असावी.

रमणकाका दारातच होते. पांढरा लेंगा, खांद्यावर पंचा. “आवो आवो! मास्तर, गाडी कुठं पळून जवानी? पहेलां चा.”

चहा झाला, खमण झालं, मग गिरणी. बॉनेट थंडगार. मी इंधनाचा फ्यूज काढला आणि काकांना नुसता स्टार्टर मारायला सांगितलं. अशा वेळी रोटरी पेटत नाही, नुसती फुसफुसते. फुसकारे एकसारखे आले तर सील धडधाकट, एखादा लंगडला तर एक टोक गेलं. आप्पांनी डोळे मिटले. फुस, फुस, फुस, फुस. आप्पांच्या भुवया वर गेल्या आणि तिथंच राहिल्या. मग फ्यूज लावून गाडी सुरू केली, आप्पांनी इंजिनावर नाणं उभं केलं आणि ते उभंच राहिलं. पिस्टनची आदळआपट नाही, मग नाणं पडेल कशाला? आप्पा त्या नाण्याकडे बराच वेळ बघत होते.

“काय म्हणता, आप्पा?” मी विचारलं.

“वल्ली शे,” आप्पा म्हणाले. “आज ती थंडी व्हती. पुढला आइतवारले गरम करीसन दखू.”

पुढच्या रविवारी गरम करून पाहिली. परत चुटकीसरशी उठली. “आज भलती गरम व्हयनी,” आप्पा म्हणाले. त्यानंतर पेट्रोल जुनं होतं. त्यानंतर वारा पूर्वेकडून होता आणि धूर नाकापर्यंत येत नव्हता. एकदा बॉनेट बंद होतानाचा आवाज त्यांना पसंत पडला नाही. एका रविवारी गाडी अशी काही गायली की माझ्या अंगावर काटा आला, तेव्हा आप्पा म्हणाले, “इतली गोड बोलणारी चीज वल्लीच ऱ्हास.”

मी दातओठ खायचो. काका मात्र कधी रागावले नाहीत. “तपासो, तपासो. उतावळ नथी,” म्हणायचे आणि आतून छास मागवायचे. तपासणी पाच मिनिटांची, बाकी दिवस दोघं गिरणीच्या ओट्यावर. आप्पा लवंगी मिरचीचा ठेचा घेऊन जायचे. काका नखाएवढा ठेचा चाखून डोळे पुसायचे आणि मिरचीचा धंदा करणाऱ्यांना यमलोकात काय काय भोगावं लागतं ते सांगायचे. आप्पा म्हणायचे, “वरनमा गुळ टाकीसन खाणारानी माले यम नका शिकाडू.” मी मधल्या वेळात गाडीच्या टायरवरची धूळ पुसत बसायचो. पुढे आप्पा इस्त्रीचा सदरा घालून यायला लागले. मग मिशीला कलप आला.

“अहो, आप्पांची मिशी पाहिलीत का?” सुनंदानं विचारलं.

“मिशीचं काय घेऊन बसलीस? त्यांना रोटरीतलं काही कळत नाही, ही खरी अडचण आहे,” मी म्हणालो. ती माझ्याकडे, वर्गात शेवटच्या बाकावरच्या मुलाकडे बघावं, तशी बघून आत गेली.

मग दिवाळीच्या सुमाराचा एक रविवार. चहा आला, पण खमण आलं नाही. काका म्हणाले, “दीकरानो फोन होतो. मुलगा मला तिकडे नेतोय. कायमचा. गिरणी विकायची म्हणतो.” मग गाडीकडे बघून म्हणाले, “सुरतचा एक माणूस आहे. तो फक्त इंजिन काढून घेणार. शर्यतीच्या गाडीत बसवायला. बाकीची भंगारमां.”

मी आप्पांकडे पाहिलं. माझी गाडी हातची चालली होती. मी हात जोडले होते हे कबूल करतो.

आप्पा उठले. गाडीपाशी गेले. रुमाल काढला नाही, नाणं काढलं नाही, किल्लीही मागितली नाही. बॉनेटवर पंजा ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, “वाळनी.”

मी ओट्यावरून उडी मारली. त्यात माझा पाय मुरगळला, पण तेव्हा कळलंच नाही. त्या दिवशी गाडी सुरूसुद्धा केली नव्हती, हेही मला कळलं नाही. घरी येऊन मी सुनंदाला बातमी दिली. हातातलं लाटणं प्रथमच थांबलं. “आप्पा ‘वाळनी’ म्हणाले?” तिनं विचारलं. मी विजयानं मान हलवली. ती म्हणाली, “काय झालं खांडबाऱ्याला?” प्रश्न मला विचित्र वाटला.

कागदपत्रं झाली आणि एका संध्याकाळी मी गाडी घरी आणली. सकाळी पूजा. गल्ली जमली. सुनंदानं बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, झेंडूचा हार घातला, नारळ फुटला. पुढच्या चाकांखाली लिंबं ठेवली. मी गॉगल लावून आत बसलो, म्हणजे वरून ओतला गेलो. गाडी सुरू केली, फूटभर पुढे घेतली. लिंबं फुटली, टाळ्या झाल्या. कुणीतरी ओरडलं, “सर, थांबा, फोटो!” मी लगेच गाडी बंद करून हसलो.

फोटो चांगला आला. गाडी परत सुरू झाली नाही.

किल्ली फिरवली की स्टार्टर फिरायचा, गाडी नुसती कुंथायची. थंड रोटरी सुरू करून दोन हात पुढे नेऊन बंद केलेली. त्या भाजीवाल्या बाईनं हे कधीही केलं नसतं.

आप्पांनी गर्दीतून वाट काढली, बॉनेटला कान लावला. “आते मातर खरंच वल्ली शे,” ते म्हणाले, आणि मिरची सोडली तर आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा निकाल अक्षरशः बरोबर होता. मग माझ्याकडे वळून कडाडले, “कोनी सांगं तुले बंद कराले?” आणि तिथल्या तिथं रमणकाकांना फोन लावला.

काका पुढच्याच गाडीनं आले. पंच्यात प्लग खोलायचा पाना गुंडाळलेला. चारही प्लग काढले, पुसून उन्हात ठेवले, आतलं पेट्रोल उडवून टाकलं, प्लग परत लावले आणि गल्लीला धक्का मारायला लावलं. गाडी खोकली, शिंकली आणि पेटली. असा पांढरा लोट निघाला की पलीकडच्या गल्लीतले लोक पथारीवर मिरची पेटली समजून नाकाला फडकी बांधून धावत आले.

धूर निवळल्यावर सुनंदानं चहा दिला. काका पाना पुसत आपल्याच नादात म्हणाले, “आप्पा, तुमी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं ना मला, गाडी टनाटन छे म्हणून. जुओ, केवी उठी!”

मी बशी खाली ठेवली. “पहिल्याच दिवशी?”

आप्पांनी चहात तोंड घातलं. काकांनी पंचा झटकला. गल्लीत कुणाच्या तरी रेडिओवर बाजारभाव चालले होते.

“म्हणजे तुम्ही दोघं...” मी सुरू केलं.

“अहो, साखर पुरेशी आहे का चहात?” सुनंदानं विचारलं, आणि माझ्या पायावर पाय दिला. मुरगळलेल्याच.

संध्याकाळी काकांना परत जायचं होतं. मी मोठ्या मनानं म्हणालो, “चला, गाडीनं सोडतो.” मग लक्षात आलं की गाडीत जागा दोनच. मागची सीट आहे, पण ती पिशव्यांना बेतलेली. मी आप्पांकडे पाहिलं, आप्पांनी काकांकडे पाहिलं, मग आप्पांनी माझ्यापुढे तळहात धरला.

“चावी.”

काका चालवायला बसले, आप्पा शेजारी. माझी स्वप्नातली लाल गाडी दोन म्हाताऱ्यांना घेऊन नवापूर रस्त्याला लागली आणि मी हार सांभाळत तिथंच उभा. दुसऱ्या दिवशी मी माझी स्वतःची गाडी आणायला पॅसेंजरनं खांडबाऱ्याला गेलो. गिरणीचं दार उघडं होतं. गाडी कोंड्यात आपल्या जागी, इंजिन हलकं हलकं चालू. दोघं आत बसले होते, काचा वर करून. बोलत काही नव्हते. मी काचेवर टकटक करायला हात उचलला आणि, एकदाच आयुष्यात, शहाण्यासारखा खाली घेतला. बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. बराच वेळ बसलो. एवढं पेट्रोल जळत होतं, तरी बसलो.

काका न्यूझीलंडला गेले. गिरणीला आता दुसऱ्याचं कुलूप आहे. आप्पांनी मिशीचा कलप सोडला, आठवडाभर कशालाच वल्लं म्हटलं नाही, तेव्हा सुनंदा घाबरली. तिनंच त्यांच्या पुतण्याच्या मागे लागून आप्पांच्या मोबाइलमध्ये व्हिडिओ कॉल घालून घेतला.

आता दर रविवारी सकाळी आप्पा इस्त्रीचा सदरा घालून माझ्या दारात येतात. मी गाडी सुरू करतो, तापेपर्यंत बंद करत नाही. आप्पा मोबाइल सायलेन्सरपाशी धरतात, मग बॉनेटपाशी, मग परत सायलेन्सरपाशी. पलीकडे काका डोळे मिटून बसलेले असतात, अंगात मुलाचा लोकरी कोट. मागे खिडकीत हिरवंगार काहीतरी दिसतं, पण काका तिकडे कधी बघत नाहीत.

गेल्या रविवारीही असंच चाललं होतं. मी शेजारी उभा राहून काकांना सांगत होतो की मी नवीन प्लग कुठून मागवले, तेल कोणतं घातलं, व्हिडिओवाले सीलबद्दल काय म्हणतात आणि त्यांचं कुठं चुकतं. काकांनी कपाळाला आठी घातली.

“आप्पा, फुसकारा तर बराबर छे,” मोबाइलमधून आवाज आला. “पण मधे एक खरखर येते. सतत येते. सील गयुं के शुं?”

आप्पांनी मोबाइल इंजिनाकडे नेला, मग हळूहळू माझ्याकडे फिरवला, मग परत इंजिनाकडे नेला.

“इंजिन बेस शे, रमणभाई,” आप्पा म्हणाले. “खरखर मास्तरनी शे. तो बोली ऱ्हायना.”